सोलापूरहून गुलमर्ग: बर्फ बघायला नव्हे, स्की शिकायला

सोलापुरातून गुलमर्गला जाऊन आलेल्यांना विचारलं की बहुतेकांची हकिकत सारखीच निघते. सकाळी श्रीनगरहून गाडी, वाटेवरच्या टंगमर्गला भाड्याचे गमबूट, गोंडोलाची म्हणजे तिथल्या रोपवेची लांबलचक रांग, स्लेजवर बसून फोटो आणि अंधार पडायच्या आत परत. माझी पहिली खेपही अशीच गेली. सात दिवसांच्या पॅकेजमध्ये गुलमर्गच्या वाट्याला जेमतेम पाच तास आले होते. निघायच्या आधी अर्धा तास एकानं माझ्या पायांत स्की अडकवल्या, हात धरून वीसेक पावलं पुढे नेलं आणि स्कीइंग झालं असं सांगून पैसे घेतले. पण त्या वीस पावलांत पायांखालचा बर्फ सरकताना जे वाटलं, ते घरी आल्यावरही जाईना.

पुढच्या हिवाळ्यात मी, माझा भाऊ आणि त्याचा अकरा वर्षांचा मुलगा असे तिघे गेलो. सहा रात्री गुलमर्गमध्येच राहिलो, पाच दिवस शिकलो. परत निघताना तिघांनाही सोप्या उतारावरून वळणं घेत, हवं तिथं थांबत खाली येता येत होतं. आमच्यापैकी कुणीही खेळाडू नाही, आणि त्याआधी आम्ही गारठा बघितला होता तो फक्त माथेरान-महाबळेश्वरचा. म्हणून खात्रीनं सांगते, हे जमतं. मात्र दिवस आणि पैसा शिकण्यावर घालावा लागतो. खिडकीतून डोंगर दिसणारी खोली, रोज गोंडोला, एका सहलीत चार ठिकाणं, हे सगळं बाजूला ठेवलं तर साध्या पगारातही ही सुट्टी बसवता येते.

जागा कोणती निवडायची

भारतात स्की शिकायला तीन नावं समोर येतात: उत्तराखंडातलं औली, मनालीजवळची सोलंग दरी आणि काश्मीरमधलं गुलमर्ग. औली शांत आणि सुंदर आहे, पण तिथपर्यंतचा रस्त्याचा प्रवास लांब आहे. सोलंगला बर्फाचा भरवसा कमी आणि गर्दी जास्त. गुलमर्ग २,६५० मीटर उंचीवर आहे, विमानतळापासून दोनेक तासांवर आहे, आणि शिकाऊ माणसासाठी लागणारा मंद, मोकळा उतार गावाच्या मधोमध आहे. उन्हाळ्यात तिथं गोल्फचं मैदान असतं, हिवाळ्यात तेच बर्फाखाली जातं. स्थानिक लोक या खोलगट भागाला 'बाऊल' म्हणतात. इंग्रजांनी १९२७ मध्ये इथं स्की क्लब काढला होता, त्यामुळे शिकवण्याची परंपरा जुनी आहे. टंगमर्ग आणि आसपासच्या गावांतली मुलं स्कीवर वाढतात आणि पुढे त्यातलेच कितीतरी शिकवणारे होतात.

शिवाय इथं जाग असते. सकाळी बाऊलमध्ये शाळेच्या सहली, फौजेचे जवान, रशिया-ऑस्ट्रेलियाहून आलेले मुरलेले स्कीअर आणि पहिल्यांदा बर्फ बघणारी गुजराती-मराठी कुटुंबं एकाच उतारावर असतात. पडलात तरी कुणी वळून बघत नाही, कारण शेजारी आणखी दहा जण पडलेले असतात. नवशिक्याला ही गर्दी फार धीर देते.

कधी जायचं

काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा कडक हिवाळा धरतात, त्याला 'चिल्ले कलान' म्हणतात. त्यानंतर वीस दिवसांचं चिल्ले खुर्द आणि दहा दिवसांचं चिल्ले बच्चा. चिल्ले कलानमध्ये थंडी सर्वांत जास्त असते आणि बर्फाचा थर बसत जातो. नाताळ ते नववर्ष हा काळ मात्र टाळा. तेव्हा खोल्यांचे दर चढतात आणि शिकवणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

आपल्याला एक सोय आपोआप मिळते. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा सोडून सोलापूरकर कुठं जाणार? नंदीध्वज बघा, गड्ड्यावर एक संध्याकाळ घालवा आणि मग निघा. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा हा काळ नवशिक्यांसाठी सर्वांत चांगला. घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर तो विचार आधी करा.

बर्फ मात्र कुणाच्या हातात नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग महिनाभर जवळजवळ कोरडं होतं, महिन्याच्या अखेरीला बर्फ पडला. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फ कमी म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणून खोली घेताना रद्द करण्याची मुदत बघूनच घ्या, मग भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल. निघायच्या दहा दिवस आधीपासून तिथल्या हवामानाच्या बातम्या रोज बघत जा.

रमजान हल्ली फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. त्या महिन्यात दुपारी जेवणाची ठिकाणं कमी उघडी असतात आणि तुमचा शिकवणारा निर्जळी रोजा धरून दिवसभर उतारावर उभा असतो. त्याच्यासमोर बिस्किटं खाणं टाळा आणि संध्याकाळी त्याला वेळेवर मोकळं करा.

घरून दीड महिना आधी

स्कीइंगमध्ये हातांपेक्षा मांड्या, गुडघे आणि पोटरी जास्त लागतात. गुडघे वाकवून तासन् तास उभं राहायचं असतं. त्याची तयारी घरच्या घरी होते. भिंतीला पाठ टेकून, खुर्चीवर बसल्यासारखं वाकून राहायचं. पहिल्या दिवशी वीस सेकंद, मग वाढवत दीड मिनिटापर्यंत. दुसरं म्हणजे उठाबशा, हळू आणि टाचा जमिनीला टेकवून. तिसरं जिने. चौथ्या मजल्यापर्यंत चढा आणि उतरताना घाई न करता उतरा, कारण स्कीवर ताण येतो तो उतरण्याच्याच स्नायूंवर. आम्ही आठवड्यातून चार दिवस सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं भराभर चालायचो आणि घरी येऊन हे करायचो. भावानं दोन आठवड्यांत कंटाळून सोडलं. गुलमर्गला दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला त्याच्या मांड्यांनी हात टेकले, आणि आम्ही दोघं चारपर्यंत खेळलो.

गुडघ्याचं जुनं दुखणं, उच्च रक्तदाब, दमा किंवा हृदयविकार असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. सोलापूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्याही खाली आहे. तिथून एकदम अडीच हजारांच्या वर गेलं की पहिल्या दिवशी जिना चढतानाही धाप लागते. ते बहुतेकांना होतं आणि एका रात्रीत बरंच कमी होतं.

दोन कागदी कामंही याच काळात उरका. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. घरातलं एक तरी सिम पोस्टपेड करून घ्या, आणि ते आठवडाभर आधी करा. दुसरं, विमा. साध्या प्रवास विम्यात बर्फावरचे खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात. पॉलिसीच्या कागदात 'अॅडव्हेंचर स्पोर्ट्स' समाविष्ट आहेत का, हे स्वतः वाचून खात्री करा. विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर राहू नका.

कपडे: सुती घरीच ठेवा

हे सांगणं सोलापूरच्या माणसाला जड जातं. आपलं गावच सुतावर उभं आहे. चादर सोलापूरची, टॉवेल सोलापूरचा, आणि उन्हाळ्यात अंगाला सुतीशिवाय दुसरं काही सोसत नाही. पण ज्या गुणामुळे सूत आपल्याकडे सुखाचं, त्याच गुणामुळे ते बर्फात घातक. सूत घाम शोषतं आणि धरून ठेवतं. उतारावर तुम्ही घामाघूम होता, मग उतारावर ओढत वर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत दहा मिनिटं उभे राहता, आणि तो ओला बनियन अंगावर गार पडतो. म्हणून आतला थर लोकरीचा किंवा सिंथेटिक थर्मलचा हवा, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि तशीच पँट. जीन्स तर मुळीच नको. ती भिजली की लाकडासारखी ताठ होते.

सगळं विकत घ्यायची गरज नाही. थर्मल, मोजे आणि हातमोजे स्वतःचे घ्या, कारण ते अंगालगत असतात. जॅकेट आणि पँट गुलमर्गच्या दुकानांतून स्कीबरोबर भाड्यानं मिळतात. भाड्याची पँट घेताना आतलं अस्तर कोरडं आहे ना, चेन लागते ना, बघा. हातमोजे पाणी न शिरणारेच हवेत. विणलेले लोकरीचे हातमोजे एका पडण्यात भिजतात.

चष्म्याबद्दल कंजूसपणा करू नका. ताजा बर्फ अंगावर पडणारी अतिनील किरणं ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन वरून लागतं आणि खालूनही. आपल्याला वाटतं की बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत राहणाऱ्यांना हे ऊन काय करणार. माझ्या भाच्याची हनुवटी आणि नाकपुड्यांची खालची बाजू पहिल्याच दिवशी भाजली, कारण क्रीम फक्त कपाळाला आणि गालांना लावलं होतं. गॉगल, ओठांना मलम आणि हनुवटीच्या खालपर्यंत सनस्क्रीन, आभाळ भरलेलं असलं तरीही.

चादर सामानात घालू नका. ती जड आहे आणि तिथं रजया, विजेची ब्लँकेटं मिळतात. दोन छोटे टॉवेल मात्र घ्या, बूट आतून पुसायला.

प्रवास

विमानानं जायचं तर पुणे, मुंबई किंवा हैदराबाद, जिथून भाडं कमी पडेल तिथून श्रीनगर गाठा. हैदराबाद आपल्याला पुण्याहून फार लांब नाही, हे आपण विसरतो. तिन्हीकडचे दर बघून मग ठरवा. दुपारपूर्वी श्रीनगरला उतरणारं विमान धरा, म्हणजे उजेडात गुलमर्ग गाठता येतं.

रेल्वेनं वेळ लागतो, पण पैसे बरेच वाचतात. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसनं थेट दिल्ली, दिल्लीहून कटरा, आणि कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत जून २०२५ पासून वंदे भारत धावते. चिनाब नदीवरचा तो ३५९ मीटर उंचीचा पूल याच मार्गावर आहे. हाताशी सुट्ट्या असतील आणि बरोबर मुलं असतील तर जाताना रेल्वे आणि येताना विमान असं करा.

श्रीनगर ते गुलमर्ग हे अंतर ५० किलोमीटरच्या आसपास आहे. मैदानी रस्ता टंगमर्गपर्यंत, तिथून पुढे १३ किलोमीटर घाट. बर्फ पडला असेल तर घाटात फक्त चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच सोडतात, आणि श्रीनगरची टॅक्सी तुम्हाला टंगमर्गला उतरवते. तिथून स्थानिक युनियनची गाडी करायची. हा खर्च आधीच धरून ठेवा, म्हणजे कुणी फसवलं असं वाटणार नाही. टॅक्सी ठरवताना 'हॉटेलच्या दारापर्यंत की टंगमर्गपर्यंत' हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे.

परतीला एक दिवस मोकळा ठेवा. बर्फवृष्टीत विमानं रद्द होतात, महामार्ग बंद पडतो. सुट्टीचा शेवटचा दिवस श्रीनगरमध्ये मोकळा असेल तर जीव टांगणीला लागत नाही, आणि काही अडलं नाही तर दल सरोवर आहेच.

राहणं आणि खाणं

राहायचं गुलमर्गमध्येच, निदान टंगमर्गला. गुलमर्गमधली खोली बाऊलपासून चालत दहा मिनिटांत असेल अशी घ्या. स्कीचे बूट घालून बर्फात चालणं ही स्वतंत्र मेहनत आहे, आणि रोज गाडी करावी लागली तर स्वस्त खोली महाग पडते. खोली ठरवताना गरम पाण्याची वेळ, वीज गेल्यावर काय सोय आणि खोली तापवायला काय आहे, हे विचारा. काश्मिरात 'बुखारी' नावाची लाकूड-कोळशाची शेगडी असते. बुखारी, कांगडी (निखाऱ्यांचं मातीचं भांडं) किंवा गॅसचा हीटर पेटता ठेवून खिडक्या पूर्ण बंद करून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. झोपण्यापूर्वी विस्तव बाहेर किंवा विझलेला, आणि एक फट उघडी. मुलं बरोबर असतील तर हा नियम कडकपणे पाळा.

जेवण शाकाहारी माणसालाही चांगलं मिळतं. राजमा-चावल सगळीकडे असतो. कमळाच्या देठाची दह्यातली नदरू यखनी आणि हाख ही साधी पालेभाजी आवर्जून मागा. मांसाहारी मंडळींनी श्रीनगरच्या एखाद्या सकाळी हरीसा खावा. तो मटण आणि तांदूळ रात्रभर घोटून करतात आणि हिवाळ्यातच मिळतो. दिवसभर कहवा, म्हणजे तिथला केशर-वेलदोड्याचा चहा, पीत राहा.

घरून शेंगाचटणी आणि कडक भाकरी न्याच. कडक भाकरी खराब होत नाही, थंडीत गोठत नाही, आणि दुपारी उतारावर बसून चटणीबरोबर खाल्ली की पुढचे दोन तास निघतात. भाकऱ्या स्टीलच्या डब्यात भरा, नाहीतर बॅगेत चुरा होतो. आमचा शिकवणारा दुसऱ्या दिवसापासून स्वतःहून डब्याकडे बघायला लागला. शेवटच्या दिवशी उरलेली चटणी आम्ही त्याच्या घरी पाठवली.

पाणी पीत राहणं मात्र जाणीवपूर्वक करावं लागतं. थंडीत तहान लागत नाही, पण कोरड्या हवेत शरीरातलं पाणी जातंच. डोकं दुखायला लागलं की आधी दोन पेले कोमट पाणी प्या, मग इतर विचार करा.

शिकवणारा ठरवणं

सर्वांत जास्त विचार इथं करा. दोन मार्ग आहेत. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाखाली भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था गुलमर्गमध्येच आहे. तिथं हिवाळ्यात नवशिक्यांसाठी ठरावीक तारखांचे कोर्स होतात. राहणं, जेवण, साहित्य आणि शिकवणं एकत्र असल्यानं ते स्वस्त पडतात. शिस्त असते, सकाळी व्यायाम असतो, आणि जागा लवकर भरतात. एकट्या जाणाऱ्या तरुण मुला-मुलींसाठी मी हाच मार्ग सुचवेन. अर्ज हंगाम सुरू होण्याच्या आधीच करावा लागतो.

दुसरा मार्ग खासगी शिकवणाऱ्याचा. कुटुंब असेल, वेळा आपल्या सोयीच्या हव्या असतील, तर हाच बरा. टंगमर्गपासूनच लोक मागे लागतील. स्लेज ओढणाऱ्यांचं, घोडेवाल्यांचं सगळं वर्ष या काही महिन्यांवर चालतं, तेव्हा नाही म्हणताना आवाज चढवू नका. 'बुकिंग हो गया है, भाई' एवढं पुरतं. शिकवणारा निवडताना त्याचं ओळखपत्र बघा, आणि त्याला एकच प्रश्न विचारा: पहिल्या दिवशी काय शिकवणार? 'वर घेऊन जातो, मजा येईल' असं उत्तर आलं तर दुसरा बघा. 'चालणं, पडणं, उठणं, थांबणं' असं उत्तर देणारा माणूस तुमचा. दर दिवसाचा की तासाचा, किती जणांचा, साहित्य आणि लिफ्टचं तिकीट त्यात की वेगळं, हे सगळं पहिल्या दिवशी बोलून घ्या, आणि एका कागदावर लिहून घेतलं तर दोघांनाही बरं.

तीन माणसांमागे एक शिकवणारा ही मर्यादा धरा. पहिले तीन दिवस शिकवणाऱ्यावर खर्च करा, नंतर अर्धा दिवस त्याच्याबरोबर आणि अर्धा दिवस आपला आपण सराव असं केलं तरी चालतं.

साहित्य घेताना

बूट सर्वांत महत्त्वाचे. स्कीच्या काठ्या वाकड्या असल्या तरी निभतं, बूट चुकला तर दिवस गेला. बूट घालून ताठ उभं राहिलं की बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे वाकवले की मागे सरली पाहिजेत. टाच आत उचलली जाता कामा नये. थंडी वाजेल म्हणून दोन-दोन मोजे घालायचा मोह होतो, मलाही झाला. पण त्यानं बूट आवळतो, रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा एकच लांब मोजा, सुरकुती न पडू देता. थर्मलची पँट बुटात कोंबू नका.

नवशिक्याची स्की उभी धरली तर हनुवटीच्या आसपास यावी. आखूड स्की लवकर वळते. बूट ज्या खटक्यात बसतो त्याला बाइंडिंग म्हणतात. पडल्यावर स्की पायातून सुटावी म्हणून त्याचा ताण तुमचं वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळव्याची लांबी बघून लावतात. दुकानदारानं वजन विचारलं तर खरं सांगा. चुकीच्या वजनावर लावलेला खटका वेळेवर सुटत नाही आणि गुडघ्याला इजा होते. दुकानदारानं वजन विचारलंच नाही, तर तुम्हीच सांगा आणि ताण लावून घ्या. हेल्मेट मागून घ्या, मोठ्यांनीसुद्धा.

पाच दिवस

पहिला दिवस सपाटीवर जातो, आणि जाऊ द्या. आधी नुसत्या बुटांत चालणं, टाच आधी टेकवत. मग एका पायात स्की, दुसरा मोकळा, स्कूटर ढकलल्यासारखं. मग दोन्ही पायांत घालून खेकड्यासारखं आडवं चढणं. नंतर पडायला शिकायचं: तोल जातोय असं वाटलं तर बाजूला, कुल्ल्यावर, हात आत घेऊन. मागे बसू नका, गुडघे तिथेच दुखावतात. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला आणा, मग एका बाजूनं रेटा. पहिली पाच-सहा वेळा उठताना दम निघतो. मग एकदम जमून जातं.

दुपारी थांबणं. स्कीची टोकं जवळ, शेपट्या लांब, असा उलटा व्ही करायचा आणि टाचांनी बाहेर रेटा द्यायचा. तिथं सगळे याला 'पिझ्झा' म्हणतात, मुलांना लगेच कळतं. जोपर्यंत दहापैकी दहा वेळा ठरल्या जागी थांबता येत नाही, तोपर्यंत वर जायची घाई करू नका.

दुसऱ्या दिवशी वळणं. डावीकडे वळायचं तर वजन उजव्या पायावर टाकायचं. डोक्याला हे उलटं वाटतं. माझं सारखं चुकायचं, मग शिकवणाऱ्यानं सांगितलं, "मॅडमजी, बाहरवाले पाँव से बर्फ को दबाओ, और नीचे मत देखो, जहाँ जाना है वहाँ देखो." नजर स्कीच्या टोकांवर राहिली की माणूस तिथंच पडतो. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर टेकलेली, हात पुढे, जसं काही भरलेलं ताट घेऊन चाललोय. ही ताटाची गोष्ट आमच्या भाच्यानं काढली, आणि तिनं काम झालं.

तिसऱ्या दिवशी अंग ठणकतं. सकाळी बिछान्यातून उठवत नाही आणि बरेच जण इथंच सोडून गोंडोलाच्या रांगेत उभे राहतात. सोडू नका. हळू सुरुवात करा, एक तास कमी खेळा, पण बर्फावर जा. याच दिवशी बाऊलमधली छोटी लिफ्ट घ्यायची असते. ती ओढत वर नेते, आणि लोक तिच्यावर बसायला जातात. ती बसायची नसते. उभं राहायचं, गुडघे ढिले, ती ओढेल तसं जायचं. पडलात तर लगेच बाजूला सरका, मागून दुसरा येत असतो.

चौथ्या दिवशी उताराला आडवं जात, एकेका वळणानं खाली यायचं. वेग वाढला की वर वळायचं, वेग आपोआप मरतो. हे एकदा अंगात आलं की भीती उतरते. पाचव्या दिवशी वळणाला वळण जोडायचं, आणि त्याचं सुख मी लिहून सांगू शकणार नाही. डावं, उजवं, डावं, वाऱ्याचा आवाज, आणि खाली उभा असलेला शिकवणारा मान हलवतोय.

सकाळी बर्फ टणक असतो, स्की घसरतात. दहा-साडेदहानंतर तो मऊ पडतो, नवशिक्यांसाठी तीच वेळ उत्तम. दुपारी उशिरा तो जड होतो आणि पाय थकलेले असतात. 'शेवटची एक फेरी' घ्यायची नाही.

उतारावरचे दोन नियम कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. जो तुमच्या खाली आहे त्याला वाट देण्याची जबाबदारी तुमची, कारण त्याला मागचं दिसत नाही. आणि थांबायचं झालं तर कडेला, वाटेच्या मधोमध किंवा चढणीच्या आड कधीच नाही.

गोंडोला आणि अफरवट

गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, सुमारे तीन हजार मीटर. दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ३,९५० मीटर. बघायला जरूर जा. तिकीट ऑनलाइन आधी काढा, हंगामात ते लवकर संपतं. वाऱ्यामुळे दुसरा टप्पा अचानक बंद होतो, तेव्हा तो पहिल्या एक-दोन दिवसांत बसवा, म्हणजे पुढे मोकळे दिवस उरतात. फार वर गेल्यावर डोकं गरगरलं तर थांबू नका, पुढच्या केबिननं खाली या.

पण पाच दिवस शिकलेल्या माणसानं अफरवटवरून स्कीवर खाली यायचं नाही. तिथला बर्फ यंत्रानं बसवलेला नाही, आणि डोंगरात हिमस्खलन होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलंडचे दोन स्कीअर तिथं हिमस्खलनात गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक. ही अनुभवी माणसं होती. कुणी कितीही आग्रह केला, 'मी बरोबर आहे' म्हटलं, तरी नाही म्हणा. दोरी लावून आत जायला मनाई केलेली असेल तर तिच्या पलीकडे एक पाऊलही टाकू नका.

निघताना

शेवटच्या दिवशी साहित्य दुपारीच परत करा आणि ठेव म्हणून दिलेलं ओळखपत्र मागून घ्या. शिकवणाऱ्याचे पैसे रोजच्या रोज चुकते करत गेलात तर निघताना हिशेबाचा घोळ राहत नाही. श्रीनगर विमानतळावर टर्मिनलच्या आधीच गाडी थांबवून सामानाची तपासणी होते, आत पुन्हा एकदा. तेव्हा तीन तास हातात ठेवूनच पोहोचा.

ओले हातमोजे आणि मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे बांधा, थर्मलबरोबर कोंबू नका. घरी पोहोचल्याबरोबर ते गच्चीवर वाळत घाला. फेब्रुवारीच्या सोलापूरच्या उन्हात ते तासाभरात कोरडे होतात, आणि पुढच्या वर्षीसाठी तेच पुन्हा वापरता येतात.